प्रीॲम्प्लिफायरची निवड : जोडी जुळण्याचे गणित

घरातील संगीतसंचासाठी पॉवर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांवर रसिक सढळ हाताने खर्च करतात. प्रीॲम्प्लिफायरची निवड मात्र अनेकदा केवळ नाममुद्रा पाहून होते. मग दोन उत्तम यंत्रे एकत्र येऊनही सूं सूं असा आवाज ऐकू येतो, खर्ज क्षीण होतो किंवा व्हॉल्यूमची कळ जराशी फिरवताच खोली दणाणते. अशा वेळी दोष बहुधा यंत्रांचा नसतो, जोडीचा असतो. ती पारखण्यासाठी माहितीपत्रकांतील चार-पाच आकडे पुरेसे ठरतात.

व्होल्टचा हिशेब

प्रीॲम्प्लिफायरची मुख्य कामे तीन : सीडी प्लेयर, रेडिओ यांसारख्या साधनांतून हवे ते निवडणे, आवाजाची पातळी ठरवणे आणि संकेत पॉवर ॲम्प्लिफायरपर्यंत निर्दोष पोहोचवणे. पॉवर ॲम्प्लिफायर तो संकेत ठरावीक पटीने वाढवून स्पीकर चालवतो. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट देण्यासाठी सुमारे २८ व्होल्ट लागतात. विवर्धन २० पट, म्हणजे २६ डेसिबेल असेल, तर १.४ व्होल्ट मिळताच पूर्ण शक्ती प्रकट होते. हाच आकडा ‘इनपुट सेन्सिटिव्हिटी’ या नावाने छापलेला असतो.

सीडी प्लेयर कमाल सुमारे २ व्होल्ट देतो. म्हणजे वाढ करण्याची गरज येथे मुळातच नाही. तरीही दहापट वाढ करणारा प्रीॲम्प्लिफायर मध्ये घातला, तर कळ सदैव तळाशीच ठेवावी लागते. तेथे साध्या कळेत डाव्या-उजव्या बाजूंचा समतोल ढळतो. शिवाय कळेच्या पुढील मंडलातील खरखर कळ कमी केली तरी घटत नाही.

ब्रिटनमधील क्वाड कंपनीचा १९७५ सालचा ‘४०५’ हा याचा बोलका नमुना आहे. अवघ्या अर्ध्या व्होल्टवर तो १०० वॉट देतो. याच कंपनीचा १९६७ सालचा ‘३३’ हा प्रीॲम्प्लिफायर अर्ध्या व्होल्टच्याच हिशेबाने घडवलेला असल्याने ही जोडी जुळते. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि संकेत चौपट झाला. शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ही मागणी सोळापट ठरते. अशा ठिकाणी कमी विवर्धनाचा प्रीॲम्प्लिफायर निवडणे किंवा संकेत घटवणारा ‘ॲटेन्युएटर’ बसवणे हा उपाय आहे.

इम्पिडन्सचे नाते

पॉवर ॲम्प्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स प्रीॲम्प्लिफायरच्या आउटपुट इम्पिडन्सच्या किमान दहापट असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. ट्रान्झिस्टरच्या यंत्रांत तो सहज पाळला जातो. व्हॉल्व्हच्या काही प्रीॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स मात्र हजारो ओहम असतो आणि त्यांच्या मुखाशी कपॅसिटरही असतो. हा कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा आणि पॉवर ॲम्प्लिफायर १०० किलोओहमचा असेल, तर खर्जाची उतरण १.६ हर्ट्‌झला सुरू होते, म्हणजे ती ऐकू येत नाही. मात्र ०.४७ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम अशी गाठ पडली, तर ३४ हर्ट्‌झलाच शक्ती निम्मी होते.

सीडी प्लेयरचा संकेत पुरेसा असेल, तर विवर्धन नसलेला ‘पॅसिव्ह’ प्रकारही चालतो. १० किलोओहमच्या कळेचा आउटपुट इम्पिडन्स मध्यावर अडीच किलोओहमपर्यंत जातो. त्यामुळे पॉवर ॲम्प्लिफायर ४७ किलोओहमच्या आसपासचा आणि केबल आखूड असणे श्रेयस्कर.

तबकड्या आणि जोडण्या

तबकड्या ऐकणाऱ्यांनी ‘फोनो’ विभाग आहे की नाही, हे आधी पाहावे. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचे कार्ट्रिज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. त्यासाठी ४७ किलोओहमचा इनपुट आणि ‘आरआयएए’ समतोलन अनिवार्य असते. एक्सएलआर जोडणीचा खरा लाभ दोन्ही यंत्रे खऱ्या अर्थाने ‘बॅलन्स्ड’ असतील आणि अंतर लांब असेल तरच होतो. मीटर-दीड मीटरसाठी आरसीए पुरेशी आहे.

परदेशातून आप्तांकरवी यंत्र आणवताना व्होल्टेज अवश्य तपासावे. अमेरिकेतील १२० व्होल्टचे यंत्र भारतातील २३० व्होल्टवर थेट लावल्यास निकामी होते.

खरेदीपूर्वी शक्य असल्यास जोडी घरी लावून पाहावी. नेहमीच्या पातळीला कळ साधारण मध्याच्या आसपास असावी आणि संगीत थांबवल्यावर बसण्याच्या जागी खरखर ऐकू येऊ नये. सुरू करताना आधी प्रीॲम्प्लिफायर, मग पॉवर ॲम्प्लिफायर. बंद करताना याच्या उलट. हा क्रम मोडल्यास बसणारा धक्का स्पीकरला महागात पडू शकतो.