फातिमाबींनी कुरकुर केली नाही

शाळांचा इतिहास लिहिताना इमारत कधी झाली, देणगी कोणी दिली, निकाल किती लागला, याच्या नोंदी आपण हौसेने करतो. शिकविणाऱ्याची प्रकृती कशी होती, शिपाई कोणत्या मोडक्या शिडीवर चढत होता, याची नोंद मात्र बहुधा कोठेच राहत नाही. म्हणूनच फुले दांपत्याच्या शाळांच्या काळातले एक जुने पत्र मोलाचे वाटते.

पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे आहे. सावित्रीबाई आजारी होत्या आणि माहेरी, नायगावला, राहिल्या होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना प्रकृतीला उतार पडत असल्याचे कळविले. त्याच पत्रात त्यांना फातिमाची आठवण होते. आपल्या पाठीमागे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. ही फातिमा म्हणजे सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख. जोतीराव व सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात.

फातिमाबींच्या या सोशिकपणाचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु वाचकहो, हेच पत्र दुसऱ्या बाजूनेही वाचावे. एक शिक्षिका आजारी पडली. तिचे काम दुसरीच्या अंगावर आले. आणि अंथरुणावर पडलेलीला तिसरी कसली नव्हे, त्या दुसरीची काळजी लागून राहिली. आजारपणाची रजा, बदली शिक्षक, कामाचा ताण, हे आजचे सगळे प्रश्न त्या पत्रात आहेत. शाळेची वाटही त्या काळी सुरक्षित नव्हती. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण व चिखल फेकीत, त्यामुळे त्या बदलण्यासाठी दुसरे लुगडे जवळ ठेवीत, अशी आठवण सांगितली जाते. कामाच्या जागी जपणूक म्हणतात ती तेव्हा एका जादा लुगड्याएवढीच होती, आणि तीही त्यांनी स्वतःच केलेली.

गिरणी कामगारांच्या बाबतीत इतिहासाने वेगळे वळण घेतले. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे गेला. आठवड्याची सुटी व दुपारची विश्रांती या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती: कामावर जबर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास पोटापाण्याची सोय व्हावी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली. या माणसांनी कुरकुर केली, ती कागदावर लिहून केली, म्हणून कायदा हलला.

पुढे १८९७ च्या प्लेगने दोघांनाही नेले. ९ फेब्रुवारीला लोखंडे गेले. १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने. महिन्याभरात महाराष्ट्राने ही दोन माणसे गमावली.

शाळेला मात्र धोक्याची जागा मानण्याची चाल पडली नाही. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतील आजारांवर ग्रंथ लिहिला. गळ्यावर ज्यांचे पोट अवलंबून असते अशा लोकांचे विकारही त्यांनी पुढे विचारात घेतले. रोग्याला ‘तुझा धंदा कोणता’ हे विचारावे, असा त्यांचा वैद्यांना सल्ला होता. आपल्याकडे घसा बसलेल्या गुरुजींना हा प्रश्न आजही क्वचितच विचारला जातो. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. विद्यादानाचा मान मोठा, हे खरेच. पण त्या मानाबरोबर कामगारांच्या त्या कायद्याचे दार शिक्षकाला बंद राहिले. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली आली. त्यामुळे नेमणूक, बडतर्फी आणि रजा यांना नियमांचा आधार मिळाला. फातिमाबींच्या वेळी जे शब्दावर व मायेवर चालत होते, ते आता कागदावर आले.

कागदावर न मावणारे धोके आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवावे लागत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी व सास्तूर भागात धरणी हादरली आणि हजारो माणसे दगडमातीच्या जड भिंतींखाली व माळवदांखाली गाडली गेली. वेळ पहाटेची होती, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. हाच हादरा सकाळी अकरा वाजता बसता तर काय झाले असते, हा विचार भूमसह साऱ्या जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने भिंतीकडे व छताकडे पाहून करावा. तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकाच्या जागेतून आग पसरली आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेबाबत देशभरासाठी आदेश दिले. चुलीपाशी उभी असलेली स्वयंपाकीण सुरक्षित नसेल तर वर्गातले मूलही सुरक्षित नसते, हा त्या दुर्घटनेचा धडा. कोरोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, शिक्षकांना सर्वेक्षणाच्या व नाक्यांवरील कामाला लावले गेले. त्यांतले काही पुन्हा वर्गात आले नाहीत.

पालक बंधुभगिनींनो, मजुराचे देणे वेळेवर चुकते करण्याची ताकीद आपल्या दीनने दिली आहे. त्याच्या जिवाची काळजी घेणे हाही त्या देण्याचाच भाग समजावा. त्यासाठी मोठी देणगी लागत नाही. उघडी वायर बंद करावी. प्रयोगशाळेतील आम्लाच्या बाटलीवर ठळक चिठ्ठी असावी. शिडी मजबूत असावी आणि शिपाई चढला की खाली धरायला एक माणूस असावा. प्रथमोपचाराची पेटी कपाटात कुलूपबंद नसावी. शिक्षिकांसाठी स्वच्छ व आतून कडी लागणारे शौचालय असावे. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली तास घ्यावा लागू नये. छळाची तक्रार कोणाकडे करायची हे प्रत्येक शिक्षिकेला माहीत असावे. २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक केले आहे. आणि वर्षातून एकदा सभा भरवून शिक्षक, कारकून, शिपाई, स्वयंपाकीण या सर्वांना विचारावे, की कामावर तुम्हाला कशाची भीती वाटते? उत्तरे वहीत लिहून पुढच्या सभेत वाचावीत.

विद्यार्थ्यांनीही एक करावे. वर्गात गोंगाट कमी झाला की बाईंचा घसा वाचतो, एवढे लक्षात ठेवावे.

फातिमाबींनी कुरकुर केली नाही, हा त्यांचा मोठेपणा होता. आपल्या शाळेत काम करणाऱ्याला मोकळेपणाने कुरकुर करता यावी आणि ती ऐकून घेतली जावी, हा मोठेपणा आता आपल्याला दाखवायचा आहे.