परमिट रूम: बंदीच्या पोटी जन्मलेल्या एका मुंबईकर संस्थेची वाटचाल

संस्था म्हटली की घटना आली, कार्यकारिणी आली, कोनशिला आली. मुंबईच्या परमिट रूमकडे यातले काहीही नाही. तरीही फोर्टपासून मानखुर्दपर्यंत, कचेऱ्या सुटण्याच्या वेळी हजारो माणसे ज्या दाराने आत जातात ते तिचेच आहे. तिची स्थापना कोणी केली असे विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच निघते: दारूबंदी करणाऱ्यांनी.

1937 साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. त्यातले अबकारी मंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर हे नामवंत हृदयरोगतज्ज्ञ आणि स्वतः पारशी. मद्याच्या आणि ताडीच्या धंद्यात मोठा वाटा असलेल्या आपल्याच समाजाचा रोष पत्करून त्यांनी 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर मात्र मोरारजी देसाई यांनी तो नेटाने पुढे नेला. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 च्या एप्रिलपासून संपूर्ण मुंबई राज्य कोरडे घोषित झाले. 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी द्रव्यांबाबतची काही कलमे वगळून हा कायदा उचलून धरला.

पण कायद्याने एक फट ठेवली होती. परदेशी पाहुण्याला आणि प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचा डॉक्टरी दाखला आणणाऱ्याला परवाना मिळे. अशा परवानेधारकांसाठी मोठ्या हॉटेलांत वेगळी खोली राखून ठेवली जाई, इतरांच्या नजरेआड. परमिट रूमचा जन्म तिथला.

पहिली दीड-दोन दशके या खोलीच्या वाट्याला फारसे कोणी आले नाही. शहर प्यायचे थांबले नव्हते, ते फक्त दुसरीकडे जात होते. वांद्र्याच्या आणि धोबीतलावच्या गल्ल्यांतून ‘आंटीचे अड्डे’ चालत, खाडीकाठी हातभट्ट्या पेटत आणि वरदराजन मुदलियारसारख्यांची साम्राज्ये याच चोरट्या दारूवर उभी राहत. सरकारी महसूल बुडत होता, माणसे विषारी दारूने मरत होती. 1963 च्या अखेरीस वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत परवान्यांची पकड सैल झाली. 1973 च्या नियमांनी देशी दारूलाही कायदेशीर चौकट दिली. बंदी कागदावर राहिली आणि परवाना सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, आजन्म हजाराला असे दर पुढे रूढ झाले. परवान्याचे कारणही कायद्याने ठरवून दिलेले: आरोग्य राखण्यासाठी. मुंबईकरांनी आपल्या आरोग्याची इतकी काळजी दुसऱ्या कुठल्याही बाबतीत घेतल्याचे दिसत नाही.

या संस्थेच्या उभारणीत अनेकांचे हात आहेत. पहिला मान इराण्यांचा. कुलाब्याचे लिओपोल्ड 1871 चे. तेलाचे घाऊक दुकान म्हणून सुरू झाले, पुढे स्टोअर, औषधालय आणि रेस्टॉरंट अशी वळणे घेत गेले. त्याच रस्त्यावरचे मोंडेगर 1932 चे, फोर्टातले कॅफे मिलिटरी 1933 चे. चहा-ब्रून मस्क्याची ही ठिकाणे बिअरचीही झाली. चर्चगेटला 1956 साली गेलॉर्ड आले आणि पंजाबी धाटणीचे रेस्टॉरंट कचेऱ्यांच्या शेजारी रुजले. पण परमिट रूमला गल्लोगल्ली पोहोचवले ते दक्षिण कन्नडातून आणि उडुपीकडून आलेल्या शेट्टी मंडळींनी. कोवळ्या वयात गाडीत बसून आलेला पोरगा आधी टेबले पुसे, रात्री हॉटेलातच झोपे, जमल्यास कन्नड रात्रशाळेत शिके, मग वेटर होई, मग गल्ल्यावर बसे आणि नशिबाने साथ दिली तर भागीदारीत स्वतःचे दुकान टाके. इडली-डोशाच्या उडुपी हॉटेलाच्या माळ्यावर किंवा शेजारच्या गाळ्यात परमिट रूम सुरू झाल्याच्या कहाण्या या शहरात शेकड्यांनी सापडतील. ग्राहकांनी या मालकांना ‘अण्णा’ म्हटले. त्या एका हाकेत उधारीचा हक्कही गृहीत असे.

या संस्थेचा खरा इतिहास कागदपत्रांत नाही, ग्राहकांच्या अनुभवात आहे. सात वाजले की फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांतून माणसे बाहेर पडत. बँकेतला कारकून, शिपिंग कंपनीतला क्लिअरिंग एजंट, शेअर दलालाचा जॉबर, वकिलाचा मदतनीस. खाली साधी खोली, वर एसी; वरचे दर जास्त, बाटली तीच. दार उघडताच वेटर पाहतो आणि ओळखतो. ‘साहेब, नेहमीचं?’ एवढाच संवाद. बाटली टेबलावर आणून सील ग्राहकासमोर तोडायचे, नाहीतर पितळी किंवा स्टीलच्या मापाने साठ मिली त्याच्या डोळ्यांसमोर ओतायचे, हा इथला अलिखित नियम. मापाच्या कडेला थेंब अडला तर जुना वेटर माप किंचित कलते धरून तोही ग्लासात सोडतो. त्या थेंबावर दुकानाची पत अवलंबून असते. मागोमाग चखणा येतो: उकडलेले शेंगदाणे, चणे, काकडीच्या चकत्या, चिवडा, पूर्वी फुकट आणि आता पुष्कळ ठिकाणी बिलात. बिअरच्या रिकाम्या बाटल्या उचलून न नेता टेबलाखाली ओळीने ठेवतात, म्हणजे हिशेबाच्या वेळी भांडण नको. शेवटी बडीशेपेच्या बशीत बिल. वेटरने तोंडी केलेली बेरीज मशीनशी क्वचितच चुकते.

गर्दीचा तास इथे खरी कसोटी घेतो. चौघांच्या टेबलावर अनोळखी दोघे येऊन बसतात आणि तासाभरात एकमेकांच्या साहेबांची उणीदुणी काढू लागतात. मॅचच्या दिवशी टीव्हीखालचे टेबल मिळवण्यासाठी वेटरला आधीच सांगून ठेवावे लागते. एखाद्याला जास्त झाली तर अण्णा गल्ल्यावरून नुसती मान हलवतात, त्याला पुढचा पेग मिळत नाही आणि रिक्षा मिळते. त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. ही जागा दीर्घकाळ पुरुषांचीच राहिली; ‘फॅमिली सेक्शन’ नावाचा कोपरा बहुधा रिकामाच असे. धूर इतका की 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी कडकपणे लागू होईपर्यंत समोरच्याचा चेहरा अंदाजाने ओळखावा लागे.

हार्बर मार्गाने ही संस्था उपनगरात नेली. 1992 च्या मे महिन्यात रेल्वे वाशीला पोहोचेपर्यंत मानखुर्द हे त्या मार्गावरचे शेवटचे स्टेशन होते. व्हीटीहून निघालेला कचेरीतला माणूस इथे उतरे आणि पुढे ट्रॉम्बे, महाराष्ट्र नगर, देवनारकडे जाण्याआधी अर्धा तास टेकत असे. 1973 साली ठाणे खाडीवरचा पूल झाला तसा सायन–पनवेल रस्ता मालवाहू गाड्यांनी गजबजला आणि रस्त्याकडेच्या बारना दुसरा ग्राहक मिळाला. फोर्टातला ग्राहक साहेबाबद्दल बोलतो, मानखुर्दचा गाडी चुकल्याबद्दल. सेवा दोघांना सारखीच, बिल मात्र मानखुर्दात हलके. 2014 मध्ये ईस्टर्न फ्रीवे घाटकोपर–मानखुर्द लिंक रोडला जोडला गेल्यावर दक्षिण मुंबईतून परतणाऱ्या मोटारीही या बाजूला वळू लागल्या.

नव्या शतकात संकटे एकामागून एक आली. 2005 साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने डान्स बारवर बंदी आली. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती रद्द ठरवली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, मग नवा कायदा आला आणि 2019 मध्ये त्यातल्या अटीही न्यायालयाने सैल केल्या. या वादात हजारो स्त्रियांची रोजीरोटी गेली आणि ज्यांच्याकडे नाच कधी झालाच नाही अशा साध्या परमिट रूमही बदनाम झाल्या. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेक्यांनी लिओपोल्डमध्ये ग्रेनेड फेकून गोळीबार केला. ग्राहक मेले, वेटर मेले. चारच दिवसांत तिथे पुन्हा टेबले मांडली गेली. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा मालकांनी बुजवल्या नाहीत.

2004 साली विक्रोळीत आणि 2015 साली मालवणीत विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत मृतांचा आकडा शंभरावर गेला. सील ग्राहकासमोर तोडणाऱ्या परवानाधारक खोलीचे मोल अशा वेळी वेगळे पटवून द्यावे लागत नाही. 1 एप्रिल 2017 पासून महामार्गापासून 500 मीटरच्या आतली मद्यविक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली. रस्त्याकडेचे धंदे महिनोन्महिने थंडावले. जुलैत पालिका हद्दीतील ठिकाणांना मोकळीक मिळाली तेव्हा मालकांच्या जिवात जीव आला. त्याच वर्षाच्या शेवटी, 29 डिसेंबरला, लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबांना आग लागून 14 जण दगावले. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या या नव्या व्यापारी भागाने आपत्कालीन दारांकडे केलेले दुर्लक्ष उघडे पडले, आणि त्याची किंमत जुन्या-नव्या साऱ्यांनी तपासण्या आणि नोटिसांच्या रूपाने मोजली. ती मोजायलाच हवी होती.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने सगळेच कुलूपबंद झाले. कामगार गावी गेले. 5 ऑक्टोबर 2020 रोजी निम्म्या क्षमतेने दारे उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली. अनेक दुकाने उघडलीच नाहीत. जी टिकली ती भागीदारांनी दागिने मोडून, मालकांनी भाडे थोपवून आणि जुन्या ग्राहकांनी पहिल्याच आठवड्यात येऊन टिकवली.

आजचा हिशेब सोपा नाही. परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट 2023 मध्ये 5 वरून 10 टक्क्यांवर गेला, परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्कही वाढले. ‘आहार’ या हॉटेलमालकांच्या संघटनेच्या हाकेवरून 14 जुलै 2025 रोजी बार एक दिवस बंद ठेवण्यात आले. ग्राहकही बदलला आहे. वांद्रे–कुर्ला संकुलातली तरुण मंडळी, त्यांत मुलीही, आता साध्या परमिट रूममध्ये बेधडक बसतात, कारण मॉलमधल्या बारच्या तुलनेत इथले बिल परवडते आणि तळलेला बोंबील इथेच बरा मिळतो. शेट्ट्यांची पुढची पिढी मंगळूर-बंगळूरच्या कॉलेजांतून शिकून परतते किंवा परतत नाही. टेबलाशी उभा असलेला पोरगा आता बहुधा नेपाळचा, ओडिशाचा किंवा झारखंडचा असतो. पहिल्या महिन्यात तो नेहमीच्या ग्राहकांचे ब्रँड पाठ करतो, दुसऱ्या महिन्यात त्यांच्या गाड्यांच्या वेळा.