गस फ्रिंग, ससून आणि आमचं पैठण

पडद्यावरच्या खलनायकांत मला सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटली असेल तर ती गस फ्रिंगची. गब्बर, मोगँबो हे लोक आरडाओरडा करतात. ते येताहेत हे आधी कळतं तरी. गस फ्रिंग आवाजच चढवत नाही.

ज्यांनी 'ब्रेकिंग बॅड' पाहिलेली नाही त्यांच्यासाठी (नाशिकच्या मावशी, हे खास तुमच्यासाठी) थोडक्यात सांगतो. ही अमेरिकन मालिका २००८ ते २०१३ या काळात चालली. रसायनशास्त्राचा एक मास्तर मेथ नावाचा अंमली पदार्थ बनवायला लागतो, अशी गोष्ट. त्याला पुढे भेटतो तो गस. जियानकार्लो एस्पोझितो नावाच्या नटाने हे काम केलंय. या गसची तळलेल्या चिकनच्या हॉटेलांची साखळी आहे. स्वतः काउंटरवर उभा राहतो, गिऱ्हाइकाला हसून विचारतो की सगळं व्यवस्थित आहे ना. अंमली पदार्थविरोधी खात्याच्या धर्मादाय दौडीला देणगी देतो, त्या अधिकाऱ्यांबरोबर फोटो काढतो. आणि एका मोठ्या लाँड्रीच्या खाली, तळघरात, त्याचा चकचकीत कारखाना चालू असतो. चौथ्या पर्वाच्या सुरुवातीला तो आपल्याच माणसाचा गळा कापतो. आधी शांतपणे कपडे बदलतो, नंतर शांतपणे हात धुतो. एवढ्या सगळ्यात बोलणं जवळजवळ नाहीच.

सगळे म्हणाले, काय भन्नाट पात्र सुचलंय! सुचलंय खरंच. पण देणगी देणारा, मृदू बोलणारा, गावात मान असलेला नशेचा व्यापारी हा प्रकार महाराष्ट्रातल्या माणसाला नवीन वाटायचं कारण नाही. आपल्याकडे त्याच्या नावाने दवाखाने आहेत.

हे जरा चढ्या आवाजात झालं. नीट सांगतो.

२०२३ चा ऑक्टोबर महिना आठवून बघा. त्या महिन्यात मराठी पेपरांत दुसरं काही नव्हतं. सप्टेंबरच्या अखेरीस पुण्यात ससून रुग्णालयाच्या दारात सुमारे दोन कोटींचं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पकडलं गेलं. या प्रकरणातला मुख्य आरोपी कैदी म्हणून त्याच रुग्णालयात 'उपचार' घेत होता आणि तिथूनच धंदा चालवत होता असा पोलिसांचा आरोप. २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशी, तो तिथून पळाला. चारच दिवसांत मुंबई पोलिसांनी नाशिकजवळ शिंदे गावातला कारखाना उघडकीला आणला. माल तीनशे कोटींचा सांगितला गेला. तो आरोपी पंधरा दिवसांनी दक्षिणेत सापडला. आणि तो सापडतोय न सापडतोय तोच आमच्या छत्रपती संभाजीनगरचं नाव आलं. त्याकडे येतोच.

आधी ससूनबद्दल. ही जागा माझ्यासाठी नुसती बातमी नाही. १९८९ साली माझ्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन ससूनमध्ये झालं. खाजगीत न्यायची ऐपत नव्हती. त्यानंतर ते बावीस वर्षं जगले. माझं शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं त्या बावीस वर्षांत. त्यामुळे ससून म्हटलं की आमच्या घरात अजून हात जोडले जातात.

तर हे ससून कोण? डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू व्यापारी. तिथल्या छळाला कंटाळून निघाले आणि १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले. १८४४ मध्ये त्यांनी एका मुलाला चीनला पाठवलं. कापूस, कापड यांच्याबरोबर अफू. पुढे १८७० च्या दशकापर्यंत हिंदुस्थानातून चीनला जाणाऱ्या अफूचा फार मोठा हिस्सा या एका घराण्याच्या हातात आला होता. स्वतः डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले; लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं. तेच ससून.

म्हणजे अफूच्या व्यापारातून मोठ्या झालेल्या पैशातून बांधलेल्या दवाखान्यातून, दीडशे वर्षांनी, एमडीचा धंदा चालल्याचा आरोप झाला. एखाद्या पटकथालेखकाने हे लिहिलं असतं तर निर्माता म्हणाला असता, साहेब, फारच जुळवून आणलंय.

ससून एकटे नव्हते, आणि पहिलेही नव्हते. त्यांच्या आधी सर जमशेटजी जीजीभॉय. जन्म १७८३. पोरवयात आईवडील गेले, बाटल्या विकणाऱ्या नातेवाइकाकडे कामाला लागले. चीनच्या फेऱ्या सुरू झाल्या. १८०५ मध्ये त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्या जहाजावर डॉक्टर होता विल्यम जार्डीन. संकटात ओळख झाली आणि ती आयुष्यभर टिकली. पुढे हाच जार्डीन चीनच्या किनाऱ्यावर अफू खपवणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा मालक झाला, आणि मुंबईतून त्याला माल पाठवणाऱ्यांत आघाडीवर जमशेटजी. त्यांचे भागीदार बघा: मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे. पारशी, गुजराती, कोकणी. राष्ट्रीय एकात्मतेचा धडाच म्हणायचा.

माल कुठला? मुख्यतः माळव्याचा. बंगाल-बिहारची अफू ही कंपनी सरकारची मक्तेदारी होती. शेतकऱ्याने पेरायचं, कंपनीने ठरवलेल्या भावाला द्यायचं, कलकत्त्यात लिलाव. माळवा मात्र शिंदे-होळकरांच्या ताब्यात. तिथे इंदूर-उज्जैनचे सावकार रयतेला उचल देत, खसखशीच्या बोंडांचा चीक गोळा होई आणि माल राजपुतान्यातून वळसा घालून कराचीला, तिथून पोर्तुगीजांच्या दमणला जाई. कंपनीने अडवून पाहिलं, संस्थानांशी करार केले, तरी माल जातच राहिला. शेवटी १८३१ च्या सुमारास कंपनीने शहाणपणा केला. म्हणाली, बाबांनो, पेटीमागे पैसे भरून परवाना घ्या आणि मुंबईतूनच न्या. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची पळवाट बंद झाली आणि परवान्याचा दर चढत गेला. कालची तस्करी आज महसूल झाली. (हे वाक्य आमच्या अबकारी खात्यातल्या काकांना आवडणार नाही.)

इतिहासकार अमर फारूकी यांचं म्हणणं असं की मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांच्या हातात भांडवल साठलं त्यात या माळव्याच्या अफूचा वाटा फार मोठा आहे. बंगालमध्ये सगळी मलई कंपनीने खाल्ली, इथे थोडी आपल्या लोकांना मिळाली. मुंबई शहराच्या मोठेपणाच्या पायात ती आहे. हे मला पटतं, आणि पटलं की बरं वाटत नाही.

कारण चीनमध्ये ही अफू बेकायदा होती. १७२९ पासून बंदीचे हुकूम निघत होते. १८३९ मध्ये लिन झेशू नावाच्या अधिकाऱ्याने कँटनला परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त केल्या आणि चुना-मीठ घालून समुद्रात सोडून दिल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर इतिहासातली सगळ्यात मोठी ड्रग्जविरोधी कारवाई. तिचं उत्तर म्हणून ब्रिटिश आरमार आलं. १८४२ च्या तहात चीनला नुकसानभरपाई द्यावी लागली आणि हाँगकाँग गेलं. त्याच वर्षी जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली.

त्यांनी कुणाचा गळा कापला नाही, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. त्यांच्या देशाच्या कायद्याने त्यांचा व्यापार पूर्ण वैध होता. आणि दानधर्म दिखाऊ नव्हता. जे. जे. रुग्णालय, माहीमचा कॉजवे (तो त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या पैशाने, १८४५), पुण्याच्या बंधाऱ्याला मदत, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. गसची चिकनची दुकानं हा मुखवटा होता. जमशेटजींचं दातृत्व मुखवटा नव्हतं. पण चाकू चालवायची गरज नव्हती ती चाकूचं काम आरमार करत होतं म्हणून, हेही लिहिलं पाहिजे.

आणि व्यसन काही फक्त चिन्यांचंच नव्हतं. मुंबईच्या गिरणगावात बाया पाळीवर जाताना तान्ह्या पोराला 'बाळागोळी' देत. त्यात अफू. पोर दिवसभर झोपून राही, गिरणी चालू राही.

चीनशी होणारा व्यापार १९०७ च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला. पुढची पायरी अफूची नव्हे, गोळीची. मेथाक्वालोन हे रसायन १९५१ मध्ये भारतातच, मलेरियावर औषध शोधताना तयार झालं. मँड्रॅक्स म्हणजे तेच. आपल्याकडे १९८४ मध्ये बंदी आली तोवर दक्षिण आफ्रिकेत त्याचं मोठं गिऱ्हाईक तयार झालं होतं. या काळातला मुंबईचा कुप्रसिद्ध माणूस म्हणजे इक्बाल मिर्ची. घरचा धंदा मसाल्याचा, म्हणून मिर्ची. तो २०१३ मध्ये लंडनमध्ये मेला, भारताच्या हाती कधी लागलाच नाही.

मेफेड्रोनची कथा आणखी गमतीची. पहिल्यांदा १९२९ मध्ये बनवलं गेलं आणि सगळे विसरले. २००३ च्या सुमारास कुणीतरी जुन्या कागदांतून परत वर काढलं. इंग्लंडमध्ये ते 'झाडांचं खत' म्हणून पाकिटावर 'खाण्यासाठी नाही' असं छापून विकलं जाई. तिथे २०१० मध्ये बंदी आली. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते बंदीच्या यादीत नव्हतं. तोवर पोलिसांनी पकडलं तरी कलम कुठलं लावायचं हा प्रश्न.

आता आमचं गाव. २० ऑक्टोबर २०२३ ला महसूल गुप्तचर संचालनालयाचं अहमदाबादचं पथक आणि अहमदाबाद गुन्हे शाखा यांनी संभाजीनगरात छापे टाकले. एका घरात सुमारे २३ किलो कोकेन, जवळपास तीन किलो मेफेड्रोन आणि तीस लाखांची रोकड मिळाल्याचं जाहीर झालं. पैठण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेफेड्रोन आणि केटामाइन. एकूण किंमत २५० कोटींहून जास्त. आठवड्याभराने तिथल्याच दुसऱ्या एका कारखान्यात १०७ लिटर द्रवरूप मेफेड्रोन, किंमत १६० कोटी. लिटर! आम्ही दूध-पेट्रोल लिटरने मोजतो.

पैठण हे नाव वाचून मी आधी भलत्याच कप्प्यात गेलो. साधारण पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरचं गाव, जिथून गाड्या भरभरून गोमेदासारखे दगड वाईट रस्त्यांनी गुजरातच्या बंदराला जात. म्हणजे पैठणचा माल आणि गुजरातची वाट हे नातं दोन हजार वर्षांचं. यावेळी त्याच वाटेने पोलीस उलटे आले.

मोठा प्रश्न सगळे विचारत होते: कुणाला कळलं कसं नाही? ज्यांनी चिकलठाणा, वाळूज, पैठण एमआयडीसी पाहिली आहे ते हा प्रश्न विचारणार नाहीत. निळे ड्रम, टँकर, रात्री दोनला सुरू असलेला रिअ‍ॅक्टर आणि डोळ्यांना झोंबणारा वास, हे सगळं प्रत्येक केमिकल कंपनीत असतं. औषधाचं इंटरमीडिएट बनवणारं भांडं आणि एमडी बनवणारं भांडं यांत बाहेरून काही फरक नसतो. गसला तळघर लागलं. इथे तळघर कशाला? गेटवर बोर्ड आहे, वॉचमन आहे, वीजबिल भरलेलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीत हात घातला तेव्हा तर आकडा किलोंचा राहिला नाही, टनांवर गेला.

आणि मालिकेतल्यासारखा एक चेहरा काही आपल्याला मिळत नाही. खटले कोर्टात आहेत, कोण दोषी ते कोर्ट ठरवेल. पण पेपरातल्या बातम्यांत मला राहून राहून दिसत होती ती खालची माणसं. हेल्पर, ऑपरेटर, ड्रम चढवणारे. आणि केमिस्ट.

ताईचा धाकटा, म्हणजे माझा भाचा, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी आहे. आमच्या विद्यापीठाच्या आसपासच्या कॉलेजांतून अशी शेकडो पोरं दरवर्षी बाहेर पडतात. बहुतेक शेतकऱ्यांची. दुष्काळात बापाने कर्ज काढून शिकवलेली. कंपनीत ट्रेनी म्हणून सुरुवात अठरा हजारांवर, तेही कंत्राटदाराकडून. 'ब्रेकिंग बॅड'मधल्या मास्तरला निदान आपण काय बनवतोय ते ठाऊक होतं. या पोरांना सांकेतिक नावाचा ड्रम देतात, तापमान सांगतात, वेळ सांगतात. अनेक वैध कंपन्यांतही असंच चालतं, व्यापारी गुपित म्हणून. मग त्याने ओळखायचं कसं?

मी त्याला हे विचारलं. तो म्हणाला, "मामा, वासावरून थोडंफार कळतं. आणि पगारावरून."

"पगारावरून कसं?"

"जास्त असतो."

गेल्या वर्षी तो एका ठिकाणी मुलाखतीला गेला होता. नाव इथे लिहीत नाही, आणि तिथे काही वाकडं होतं असं माझं म्हणणंही नाही. पस्तीस हजार म्हणाले, राहायची सोय, रात्रपाळी. प्रॉडक्ट कुठलं असं याने विचारलं. "ते जॉइन झाल्यावर कळेल" असं उत्तर आलं. पोरगं उठलं, एसटी पकडून घरी आलं. ताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पस्तीस हजार म्हणजे काय असतं ते तिला माहीत आहे; घराचे हप्ते तीच भरते.