एकास बहात्तर : शाळांमध्ये घडलेली लढाऊ विमाने

२६ मे १९४१ रोजी अटलांटिक महासागरावर हवा फारच खराब होती. 'आर्क रॉयल' या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून 'स्वोर्डफिश' जातीची विमाने पाणतीर घेऊन उडाली. त्यांना 'बिस्मार्क' ही जर्मन युद्धनौका गाठायची होती. ढगांखाली उतरताच वैमानिकांना एक मोठे जहाज दिसले आणि त्यांनी पाणतीर सोडले. ते जहाज होते त्यांच्याच नौदलाची 'शेफील्ड' ही क्रूझर. बिस्मार्कवर नजर ठेवण्यासाठी ती पुढे गेली होती. ही बातमी वैमानिकांपर्यंत पोचलीच नव्हती. पाणतीरांच्या चुंबकीय कळा सदोष होत्या. काही तीर पाण्याला लागताच फुटले, उरलेले शेफील्डने वळणे घेऊन चुकवले. म्हणून या हल्ल्यात कोणी दगावले नाही. त्याच संध्याकाळी कळा बदलून केलेल्या दुसऱ्या हल्ल्यात बिस्मार्कचे सुकाणू निकामी झाले आणि दुसऱ्या दिवशी ती बुडाली.

बिस्मार्क २५१ मीटर लांब होती, शेफील्ड १८० मीटर. बिस्मार्कला एकच धुराडे होते, शेफील्डला दोन. चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर सहावीतली मुलगीही त्यांतला फरक सांगेल. पण 'तेथे दिसेल ते जहाज बिस्मार्कच' असे मनात धरून उडालेल्या प्रशिक्षित वैमानिकांपैकी बहुतेकांना तो दिसला नाही. काहींना मात्र ऐन वेळी दिसला आणि त्यांनी पाणतीर सोडले नाहीत. पाहणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुसरी शिकावी लागते, आणि ती शिकवण्याच्या कामी लहान मुलांचा वाटणारा एक छंद उपयोगी पडला. त्या छंदाची ही हकिकत.

छंदाचा पूर्वेतिहास

जहाजे छायाकृतीवरून ओळखण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेड जेन यांनी १८९८ साली जगातील युद्धनौकांचा सचित्र संग्रह प्रसिद्ध केला. जहाजांच्या लहान प्रतिकृती घेऊन खेळायचा सागरी युद्धाचा एक खेळही त्यांनी रचला होता. बॅसेट-लोक या प्रतिकृती बनवणाऱ्या इंग्रज कंपनीची १:१२०० प्रमाणातली, म्हणजे शंभर फुटांना एक इंच अशी, छोटी जहाजे प्रसिद्ध होती. ही जहाजे पाण्याच्या रेषेवर सपाट कापलेली असत. समुद्रावर पाण्याखालचा भाग कोणालाच दिसत नाही. मग तो करायचा कशाला?

विमानांच्या बाबतीत सहा फुटांना एक इंच हे प्रमाण रुळले. सहा फुटांचे इंच होतात बहात्तर, म्हणून हे प्रमाण १:७२. इंग्लंडमध्ये १९३२ साली 'स्कायबर्ड्‌स' नावाचे लाकडी संच या प्रमाणात निघाले. १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' हे सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे संच त्याच प्रमाणात बाजारात आले. पहिल्या तीन संचांत नौदलाचे 'ब्लॅकबर्न शार्क' हे पाणतीर टाकणारे विमान होते. अमेरिकेतही बाल्सा लाकडाची विमाने करणाऱ्या मुलांची मंडळे जागोजागी होती. या मुलांच्या हातांना इंचाचे भाग मोजण्याची आणि लाकूड घासण्याची सवय युद्धापूर्वीच लागलेली होती.

पाच लाख विमाने हवीत

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्या रात्री 'एंटरप्राइझ' या अमेरिकी विमानवाहू जहाजावरची सहा 'वाइल्डकॅट' लढाऊ विमाने तेथील धावपट्टीवर उतरू लागली. किनाऱ्यावरच्या धास्तावलेल्या तोफचींनी ती शत्रूची समजून गोळीबार केला. तीन वैमानिक प्राणाला मुकले. अंधारात झालेली ही चूक विमानांच्या आकारांचा अभ्यास करून टळली असती असे म्हणता येणार नाही. तिच्यामागे भीती होती. पण लढाईत दिवसाउजेडी पुन्हा पुन्हा हाच प्रसंग येणार, हे उघड होते. प्रत्येक तोफचीला, टेहळ्याला आणि वैमानिकाला आपली आणि परकी विमाने ओळखायला शिकवणे भाग होते.

१९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाने केंद्रीय शिक्षण कार्यालयामार्फत देशातील शाळांकडे मागणी केली. पन्नास प्रकारची विमाने, प्रत्येक प्रकाराचे दहा हजार नमुने, असे एकूण पाच लाख नमुने हवे होते. लाकूड साधे, मऊ जातीचे. आराखडे नौदल देणार, काम मुलांनी करायचे आणि तपासायचे शिक्षकांनी. आपल्याकडच्या कार्यानुभवाच्या तासाला जे करतात, तेच साहित्य आणि तीच हत्यारे : करवत, चाकू, कानस, पॉलिश पेपर. फरक एवढाच, की येथे 'साधारण तसे' चालणार नव्हते. आराखड्यावरून कापलेले पुठ्ठ्याचे साचे नमुन्याला ठिकठिकाणी लावून पाहायचे. साचा नीट बसला तर नमुना मंजूर, नाही तर परत. ठराविक संख्येने नमुने मंजूर झाले, की विद्यार्थ्याला एखादा मानाचा हुद्दा देणारे प्रमाणपत्र मिळे.

बहात्तरच का?

समजा एक वाइल्डकॅट विमान आपल्यापासून ७२० मीटरवर आहे. त्याच्या पंखांचा विस्तार ११.६ मीटर. ११.६ ला ७२० ने भागले की ०.०१६ रेडियन, म्हणजे जवळजवळ एक अंशाचा कोन मिळतो. हात पूर्ण लांब केला असता करंगळीची रुंदी साधारण एवढाच कोन व्यापते. पूर्ण चंद्र याच्या निम्मा असतो.

आता त्याच विमानाचा १:७२ प्रमाणातला नमुना घ्या. त्याचा विस्तार भरेल १६ सेंटिमीटर. तो दहा मीटरवर टांगला तरी कोन तोच, एक अंश. वर्गाच्या एका टोकाला टांगलेला नमुना दुसऱ्या टोकाकडून पाहिला, की पाऊण किलोमीटरवरचे विमान पाहिल्यासारखे होते. ताशी ५०० किलोमीटर वेगाने सरळ अंगावर येणारे विमान एवढे अंतर पाच सेकंदांत तोडते. तोफचीला निर्णय घ्यायला मिळणारा वेळ तो एवढाच.

नमुने काळे रंगवायचे असत. आकाशाच्या उजेडासमोर विमानाचा रंग आणि पंखांवरची चिन्हे दिसत नाहीत, दिसते ती फक्त आकृती. रंगीत नमुन्यावर विद्यार्थी चिन्ह पाहून उत्तर देईल आणि परीक्षेत पास होऊन लढाईत नापास होईल. येथे माहिती मुद्दाम काढून टाकल्यामुळे नमुना अधिक खरा झाला.

पॉलिश पेपरचा एक हात

अचूकतेचा एवढा आग्रह कशासाठी, हे दोन विमानांच्या मापांवरून ध्यानात येईल. अमेरिकी वाइल्डकॅटचा विस्तार ११.६ मीटर, तर जपानी 'झीरो'चा १२ मीटर. १:७२ नमुन्यांत हा फरक फक्त सहा मिलिमीटरांचा. दोघांनाही एकच इंजिन, तेही नाकावर. मग ओळखायचे कसे? वाइल्डकॅटचे धड आखूड आणि जाडसर, पंख धडाच्या मध्यावर बसवलेले, पंखांची टोके चौकोनी. झीरोचे धड सडपातळ, पंख खालच्या बाजूला, टोके गोल. पंखांच्या टोकांवर एखाद्याने पॉलिश पेपरचे दोन हात जास्त मारले, तर वाइल्डकॅटची एक खूण पुसली जाते. अशा नमुन्यावर शिकलेला तोफची आपल्याच माणसावर गोळी झाडण्याची शक्यता वाढते.

गंमत पुढे आहे. १९४२ मध्येच जपानने झीरोचा एक नवा प्रकार लढाईत आणला. त्याच्या पंखांची गोल टोके कापून विस्तार ११ मीटर केला होता. दोस्त राष्ट्रांना ते नवेच विमान वाटले आणि त्याला 'हॅम्प' असे वेगळे सांकेतिक नाव दिले गेले. 'चौकोनी टोके म्हणजे आपले विमान' एवढेच पाठ केलेल्याची पंचाईत झाली असणार. एकाच खुणेवर भिस्त ठेवणारे ज्ञान किती तकलादू असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

म्हणूनच शिकवण्याच्या पद्धतीवरही वाद झाले. जुनी पद्धत पंख, इंजिन, धड, शेपूट अशी एकेक भाग तपासण्याची होती. ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल रेनशॉ यांचे म्हणणे, माणूस ओळखीचा चेहरा नाक-डोळे मोजून ओळखत नाही, तसेच विमानही सबंध ओळखायला हवे. त्यांनी चित्रे सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरती पडद्यावर दाखवण्याची पद्धत काढली आणि नौदलाने ती स्वीकारली. पुढे जेम्स गिब्सन यांनी केलेल्या अभ्यासात चित्र किती वेगाने दाखवले याला फारसे महत्त्व नसल्याचे आढळले. हातात धरून फिरवता येणाऱ्या नमुन्याचे मोल यात आहे. पुढून, बाजूने, खालून, तिरपे असे पाहता पाहता सगळ्या आकृती एकाच वस्तूच्या आहेत हे मनात बसते.

एका शाळेचे छायाचित्र

मार्च १९४२ मध्ये मार्जरी कॉलिन्स या छायाचित्रकार बाईंनी वॉशिंग्टनच्या आर्मस्ट्राँग तांत्रिक विद्यालयात काही छायाचित्रे घेतली. विद्यार्थी नौदलासाठी विमानांचे नमुने करत आहेत. ही शाळा कृष्णवर्णीय मुलांची होती. त्या शहरात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा १९५४ पर्यंत वेगळ्या होत्या. ज्या नौदलासाठी ही मुले मिलिमीटर मोजत होती, त्या नौदलात त्या महिन्यात भरती होणाऱ्या कृष्णवर्णीयाला भोजनगृहात वाढप्याचे काम तेवढे खुले होते. इतर कामांची दारे जून १९४२ मध्ये उघडली, तीही अर्धवट. जेसी ब्राउन हे कृष्णवर्णीय तरुण नौदलाचे वैमानिक झाले ते १९४८ साली.

पुठ्ठ्याच्या साच्याला मुलाचा रंग कळत नव्हता. नमुना बसला की बसला. मापनाचा हा निःपक्षपातीपणा विज्ञानाची मोठी देणगी आहे. पण ते माप कोणासाठी, कशासाठी वापरले जाते हे माप स्वतः ठरवत नाही. जर्मनीतही १९३० च्या दशकात शाळांमधील विमान-नमुन्यांना सरकारी उत्तेजन होते आणि तेथील मुलांचे हातही असेच कुशल झाले. आम्हांला वाटते, शिक्षकांनी या दोन्ही गोष्टी मुलांसमोर एकत्र ठेवायला हव्यात.

युद्ध पुढे सरकले तसे शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने साच्यांतून प्लास्टिकचे नमुने काढायला सुरुवात केली. सगळे अगदी सारखे आणि भराभर. शाळांचे काम मागे पडले. युद्धानंतर मात्र हेच प्रमाण आणि हीच पद्धत प्लास्टिकच्या संचांच्या रूपाने जगभरच्या हौशी लोकांकडे गेली. जहाजांसाठी १:७०० हे प्रमाण रुजले. जपानमधील शिझुओका शहरातल्या कंपन्यांनी १९७१ साली त्या प्रमाणात पाण्याच्या रेषेवर कापलेल्या जहाजांची मालिका सुरू केली.

वर्गात करून पहा

आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' १९६१ ते १९९७ नौदलात होती. नंतर मुंबईत ती काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ साली मोडीत गेली. तिची लांबी सुमारे २१३ मीटर. १:७२ प्रमाणात ती तीन मीटर होईल, वर्गातल्या बाकावर मावणार नाही. १:७०० प्रमाणात होईल ३० सेंटिमीटर, बरोबर फूटपट्टीएवढी. जहाजांना आणि विमानांना वेगवेगळी प्रमाणे का, हे मुलांना आता सांगावे लागणार नाही.

विक्रांतवरून उडणारे 'सी हॉक' विमान गोव्यात, १९९८ साली सुरू झालेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात पाहायला मिळते. त्याचा पंखांचा विस्तार ११.९ मीटर, लांबी १२.१ मीटर. पुठ्ठ्यातून १:७२ प्रमाणात त्याची काळी आकृती कापा (विस्तार १६.५ सेंटिमीटर), दहा मीटरवर टांगा आणि करंगळीशी ताडून पहा. मग दुसऱ्या आकृतीत पंखांची टोके तीन मिलिमीटरांनी बदला आणि कोणाला फरक ओळखता येतो ते नोंदवा.

त्यानंतर एक गणित विचारा. लांबी ७२ पट कमी, तर वजन किती पट? ७२ चा घन, म्हणजे ३,७३,२४८ पट. साडेतीन टनांच्या विमानाचा नमुना खरा 'प्रमाणात' हवा असेल तर तो साडेनऊ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. भरीव लाकडी नमुना तेवढा हलका होत नाही, आणि तो तसा व्हावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. आम्ही विज्ञानात काम करणारे 'मॉडेल' हा शब्द रोज वापरतो. प्रत्येक मॉडेल एखाद्या बाबतीत खरे असते, बाकीच्या बाबतींत नसते. ते कोणत्या बाबतीत खरे आहे हे आधी विचारावे, ही सवय त्या काळ्या लाकडी विमानांकडून घेण्यासारखी आहे.