अजिंठ्याच्या चित्रांवर चढलेले लाकडी पॉलिश

जुन्या वाड्यातल्या सागवानी कपाटाला जी तांबूस, मधाळ झाक असते, ती बहुधा लाखेच्या पॉलिशची असते. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांत १९२० ते १९२२ या काळात हेच द्रव्य जगप्रसिद्ध भित्तिचित्रांवर चढवले गेले. चढवणारे अडाणी नव्हते, आणि हेतू चित्रे वाचवण्याचाच होता.

आधी लाखेविषयी. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच रचतात. ही राळ खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्र्यांत ताणली की तिचा चपडा होतो. महाभारतातले लाक्षागृह लाखेचे, पायांना लावायचा अळता तिच्याच रंगाचा, आणि ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही तीच! चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापडाच्या बोळ्याने लाकडावर एकावर एक पातळ हात द्यायचे. स्पिरिट उडून जाते, चकाकी मागे राहते. हेच सुताराचे स्पिरिट पॉलिश.

या पॉलिशचा एक दोष घरोघरी ठाऊक आहे. गरम पेला ठेवला की त्यावर पांढरे वर्तुळ उमटते आणि स्पिरिट सांडले तर थरच विरघळतो. पण त्याच दोषामुळे बिघडलेला थर उतरवून नवा चढवता येतो.

अजिंठ्याची भिंत मात्र लाकडाची फळी नव्हे. बेसॉल्टच्या खडकावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर चिकट खळीत कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. वाकाटककालीन लेण्यांत तर थेट बदख्शानहून आलेला लाजवर्दी निळा. खाली वाघोरा नदी आहे. पावसाळ्यात हा गिलावा ओल घेतो, उन्हाळ्यात ती सोडतो. शेकडो वर्षे त्याचे हे श्वसन चालू आहे.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडल्यानंतर चित्रांच्या नकलांचे युग सुरू झाले. १८४४ पासून रॉबर्ट गिल आणि १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी येथे राबले. धुळकट रंग उठून दिसावेत म्हणून नकलाकारांनी मूळ चित्रांवर वार्निशही फिरवले. दैव असे की गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. वार्निश मात्र भिंतीवरच राहिले.

त्या वेळी हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीत इटलीहून प्राध्यापक लोरेन्झो चेक्कोनी व त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी सुटलेला गिलावा खडकाला पुन्हा चिकटवला, फुटक्या कडा बांधून घेतल्या, काजळी पुसली. हे काम मोलाचेच होते. अन्यथा कित्येक चित्रे भुईवर आली असती. शेवटी संरक्षणासाठी त्यांनी लाखेचा हात दिला. ओल्या दगडाचा रंग जसा खुलतो, तसे चित्रांचे रंग खुलले. लेण्यांना किमान दोन शतकांचे नवे आयुष्य लाभल्याची ग्वाही खात्याकडून दिली गेली.

पुढे ही लाख पिवळी पडत गेली. लाकडावर जी पिवळी झाक ऊबदार वाटते, तिने येथे पांढरा रंग मळका केला आणि निळ्याला हिरवट छटा आणली. थरावर धूळ व काजळी बसली. आकसणाऱ्या पापुद्र्याने खालच्या रंगाचे कपचे ओढले. श्वास घेणाऱ्या भिंतीवर बंद झाकण बसले होते.

संस्थान भारतात विलीन झाल्यावर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि लाख उतरवण्याचे चिकाटीचे काम त्यांच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले. १९९९ पासून राजदेव सिंग यांच्या देखरेखीखाली या कामाला नवी गती मिळाली. लेणे क्रमांक ९ व १० मधील सातवाहनकालीन चित्रे काळपट थराखालून हळूहळू स्पष्ट होऊ लागली. जुनी लाख हट्टी होते, तरी योग्य द्रावकाने ती मऊ पडते. घासून काढण्याची वेळ येत नाही, हे अजिंठ्याचे भाग्य.

आता दुसऱ्या पॉलिशकडे वळावे. १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. संभाजीनगरच्या फर्निचरच्या दुकानांत ज्याला 'पीयू पॉलिश' म्हणतात, ते याच कुळातले. दोन घटकांचे पीयू वाळताना त्याचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंफले जातात. मग पाणी, चहा, स्पिरिट, काहीच त्याला बाधत नाही. रोजच्या जेवणाच्या टेबलासाठी यापरते काय हवे? पण ते काढायचे तर बहुधा पॉलिश-कागदाने घासावे लागते. चेक्कोनींच्या पेटीत लाखेऐवजी पीयू असते, तर पाचव्या शतकातील पद्मपाणीवर पॉलिश-कागद चालवण्याची किंवा त्याला कायमचे पिवळ्या काचेआड ठेवण्याची निवड करावी लागली असती. जे लावाल ते पुढच्याला काढता आले पाहिजे, हा दंडक संवर्धनशास्त्रात विसाव्या शतकात रूढ झाला, तो अशाच अनुभवांतून.

म्हणूनच आजोबांच्या काळातील पेटी किंवा देव्हारा दुकानात देण्यापूर्वी त्यावर काय आहे ते पाहावे. मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाने स्पिरिटचा एक थेंब टेकवावा. जागा चिकट झाली आणि कापसावर तांबूस डाग आला, तर ती बहुधा लाख आहे. मग वरून पीयू मारण्याची घाई करू नये. जाणत्या कारागिराकडून तिला लाखेचाच नवा हात देता येतो.