शेजारची खोली : मुंबईतल्या एका भिंतीचा इतिहास

आजच्या विषयाची सुरुवात घरातूनच करतो. आमच्या मजल्यावरचं शेजारचं बिऱ्हाड मुलीकडे पुण्याला राहायला चाललं आहे. जाण्याआधी त्यांनी रीत म्हणून आम्हाला विचारलं, "दलालाला सांगायच्या आधी तुमच्या कानावर घालतो. घेताय का?" मुदत दिली पंधरा दिवसांची. घरात लगेच दोन मतं पडली. मुलाचं लग्न ठरलेलं आहे, तेव्हा एक मत असं की भिंत पाडली की प्रश्न मिटला. दुसरं मत असं की एवढ्या पैशात ठाण्याच्या पलीकडे ऐसपैस घर येईल, मग फक्त भिंतीला भिंत लागून आहे म्हणून आयुष्यभराची पुंजी इथे का ओतायची?

आम्ही पडलो इतिहासाची माणसं. हिशेब मांडायच्या आधी जुने कायदे काढून बसलो. आणि लक्षात आलं, की "शेजारची खोली घ्यायची का?" हा प्रश्न या शहरात निदान शंभर वर्षं विचारला जातो आहे. शब्द तेच आहेत, पण 'घ्यायची' म्हणजे नेमकं काय घ्यायचं, ते दर पिढीत बदलत गेलं आहे.

आधी एक गंमत बघा. गावाकडे भावाभावांचं फाटलं की वाड्यात मधोमध भिंत उभी राहते. वाटणी म्हटलं की भिंत आलीच. मुंबईत उलट. इथे भावांना एकत्र राहायचं असेल तर असलेली भिंत पाडावी लागते, किंवा निदान भिंतीपलीकडची जागा मिळवावी लागते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानंतर १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे काँक्रीटच्या चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. तीन मजले अधिक तळमजला, एका चाळीत ऐंशी खोल्या आणि खोली साधारण १६० चौरस फुटांची. या खोल्यांत, किंवा खाजगी चाळींतल्या त्याहून लहान खोल्यांत, कोकणातून, घाटावरून आलेली कुटुंबं राहिली. धाकट्या भावाचं लग्न ठरलं की थोरला शेजारच्या खोलीवर डोळा ठेवायचा. तेव्हा 'घेणं' म्हणजे भाड्याने घेणं. पावती नावावर झाली की खोली आपली. झोपायला दोन खोल्या, पण चूल एकच. हा चुलीचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचं आहे.

मग आला १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. त्याने बहुतेक जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. भाडेकरूला मोठंच संरक्षण मिळालं. पण मालकाच्या दृष्टीने खोलीचं उत्पन्न संपलं, आणि खोली सोडणं भाडेकरूला परवडेनासं झालं. सोडायचीच तर फुकट का सोडायची? यातून पागडी फोफावली. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रक्कम घेणार, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला, आणि मालक नव्या नावाने पावती फाडणार. कायद्याने अशी रक्कम घेणं गुन्हा होता, तरी शहरातल्या हजारो खोल्या अशाच हातोहात गेल्या. म्हणजे आता 'घेणं' याचा अर्थ झाला: मालकी मिळत नाही, पैशाचा कागद मिळत नाही, मिळतो तो भाडेकरूचा हक्क. बायकोचे दागिने मोडून घेतलेल्या खोलीचा पुरावा काय, तर दरमहा काही रुपयांची पावती. पागडीला कायद्याची मान्यता मिळायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यावा लागला, आणि तो लागू झाला ३१ मार्च २००० पासून.

दुसरीकडे मालकीच्या घराची वाट तयार होत होती. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालची. पण मध्यमवर्गाला ओनरशिप हा शब्द सरावाचा झाला तो १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानंतर आणि १९६३ च्या मोफा कायद्यानंतर. गृहकर्जासाठी एचडीएफसी १९७७ मध्ये निघाली. त्याआधी जागा घ्यायची म्हणजे बहुतेकांना प्रॉव्हिडंट फंड, गावची जमीन आणि सोनं, एवढेच आधार.

१९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत मोकळ्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर. दुर्बल घटकांसाठी लहान घरं बांधण्याची योजना दिली तर जादा जमीन ठेवायला सूट मिळे. कागदावर घरं लहानच राहिली. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शेजारचे दोन गाळे एकाच कुटुंबाला विकले गेले आणि मधली भिंत गेली. 'जोडी फ्लॅट' हा शब्द त्या काळात रुळला. कायदा म्हणतो दोन घरं, दारावरची पाटी म्हणते एक. हा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये गेला, शब्द मात्र राहिला.

आता इथेच आमच्या घरातल्या वादाचं मूळ आहे. भिंत पाडणं ही एक गोष्ट आणि कागद एक करणं ही अगदी दुसरी गोष्ट. सोसायटीत सभासदाला एकच मत असतं, गाळे दोन असले तरी. सेवा शुल्क मात्र गाळ्यागणिक लागतं, म्हणजे पैसे दुप्पट आणि आवाज तेवढाच. पालिकेने २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ केला. चारशे-चारशेचे दोन गाळे नोंदीत एक केले की झाले आठशे, आणि माफी गेली.

जुन्या चाळींचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान २२५ चौरस फूट जागा ठरली. पुढे नियम असा झाला, की १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेल्या भाडेदाऱ्या धरायच्या नाहीत. समजा, १२० फुटांच्या दोन खोल्या. तेव्हाच्या त्या किमान जागेच्या हिशेबाने, पावत्या दोन भावांच्या नावावर असतील तर दोघांचे मिळून ४५०. सोयीसाठी बापाने दोन्हींची मिळून एकच पावती करून घेतली असेल तर २४०. आणि मागाहून फोड करावी म्हटलं तर तारीख उलटून गेलेली. बापाने एकी राखण्यासाठी जे केलं, त्याने मुलांची जागा जवळजवळ निम्मी झाली.

मग दोन घरं 'एक' केव्हा होतात? आपल्या जनगणनेत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. आयकराच्या वादांतही हाच प्रश्न आला. जुनं घर विकून शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेतले, तर सवलत एका घराची की दोन्हींची? २००७ मध्ये मुंबईच्या आयकर न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने सांगितलं, की लागून असलेले गाळे जोडून, सामाईक वाट आणि सामाईक स्वयंपाकघर ठेवून एक केलेले असतील तर ते एकच घर. भिंतीपेक्षा ओटा महत्त्वाचा ठरला! चाळीतली आजी हे कायद्याविना ओळखून होती. "चुली वेगळ्या झाल्या" असंच ती म्हणायची.

एक शेवटची गोष्ट भिंतीचीच. जोडी फ्लॅटचा सगळा जमाना उभा होता तो आरसीसी सांगाड्यावर. भार खांब-तुळयांवर आणि मधली भिंत नुसत्या विटांची, म्हणून इंजिनिअरचा दाखला आणि पालिकेची परवानगी घेऊन ती काढता येई. हल्लीच्या अनेक उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात. तिथे भिंतच काँक्रीटची आणि भारही तीच पेलते. तिला हात लावता येत नाही. म्हणजे शेजारचं घर जोडून घेण्याची ही रीत एका विशिष्ट काळातल्या बांधकामाची देणगी आहे, आणि तो काळ सरत चालला आहे.

आमची इमारत जुनी, भिंत विटांची. पंधरा दिवसांतले अकरा संपले आहेत. घेतली तर दुसरा गाळा मुलगा आणि सून यांच्या नावावर, करार वेगळा, शेअर सर्टिफिकेट वेगळं, एवढ्यावर घरात एकमत झालं आहे. भिंत पाडायची का, यावर मात्र थोरली पिढी गप्प राहणार आहे. ते होणाऱ्या सुनेला विचारायचं ठरलं. आत्तापर्यंतच्या या सगळ्या इतिहासात शेजारची खोली कुणाच्या तरी लग्नासाठीच घेतली गेली, आणि चूल एक ठेवायची की दोन, हे त्या घरात येणाऱ्या मुलीला सहसा कुणी विचारलं नाही. निदान तेवढा एक बदल आम्हाला या पंधरा दिवसांत करता येण्याजोगा आहे.