गंजलेली आरामशीन आणि कामगाराचा हात

आपल्या झाडीपट्टीत करवत हा शब्द दोन जागी हटकून ऐकू येतो. एक सुताराच्या पडवीत आणि दुसरा कापडाच्या दुकानात. भंडाऱ्याकडच्या कोशाच्या साडीला करवतकाठी म्हणतात, कारण तिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी विणलेली असते. हा शब्द संस्कृत 'करपत्र' यावरून आला आणि त्यातील 'कर' म्हणजे हात, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. आजच्या विषयाला ती फार उपयोगी आहे. गंजून पडलेली जुनी करवत पुन्हा चालती कशी करावी, हा प्रश्न वरवर लोखंडाचा दिसला तरी मुळात तो हाताचा आहे.

येथे करवत म्हणजे हातकरवत नव्हे. बिडाचे जड मेज, त्याच्या फटीतून अर्धे वर आलेले गोल दातेरी पाते, खाली साफ्ट, पुली आणि पट्टा, असे जे यंत्र, त्याचा हा विचार आहे. आपल्याकडे पट्टीच्या आऱ्याला आणि गोल आऱ्याला सरसकट आरामशीन म्हणतात. आपण गोल आऱ्यापुरते बोलू. गोंदियाजवळच्या मुर्री गावी अशा एका यंत्राचा गंज काढण्याच्या कामात आम्ही काही मंडळी होतो. त्या कामाने जे प्रश्न उभे केले, त्यांची उत्तरे इतिहासात शोधावी लागली.

यंत्र येण्यापूर्वी ओंडका चिरणे हे दोघांचे काम होते. ओंडका उंच घोड्यावर किंवा खड्ड्यावर ठेवायचा. एकाने वर उभे राहून करवत ओढायची, दुसऱ्याने खाली उभे राहून. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. काम कष्टाचे, पण त्यात कसब होते आणि कसबाला मोल होते. म्हणूनच लंडनजवळ लाइमहाऊस येथे चार्ल्स डिंगली यांनी वाऱ्यावर चालणारी करवत गिरणी उभारली, तेव्हा १७६८ च्या मे महिन्यात सुमारे पाचशे करवतवाल्यांनी चाल करून ती मोडून टाकली. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने गिरणी मोडणे हा भारी गुन्हा ठरविला. यंत्राला कायद्याचे संरक्षण असे तात्काळ मिळाले. यंत्रावर काम करणाऱ्याला ते मिळण्यास किती काळ लागला, हे पुढे दिसेलच.

गोल पात्याचा लेखी उल्लेख १७७७ सालचा आहे. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांनी घेतलेल्या पेटंटात पवनचक्कीने फिरणाऱ्या गोल करवतीचा उल्लेख येतो. त्याच गावी वॉल्टर टेलर यांच्या कारखान्यात आरमारासाठी लाकडी कप्प्या बनत आणि तेथेही अशा करवती चालत. पुढे १८०२ ते १८०८ या काळात मार्क ब्रुनेल यांनी पोर्ट्स्मथच्या गोदीत कप्प्यांसाठी यंत्रांची मालिकाच बसविली. ती यंत्रे हेन्री मॉड्स्ले यांनी घडविली. १८०८ साली तेथे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या, आणि ११० कसबी कारागिरांचे काम दहा साधे मजूर करू लागले, असे सांगितले जाते. या आकड्यांचे पुस्तकांतून फार कौतुक होते. उरलेल्या शंभरांचे काय झाले, हे मात्र त्याच पानावर लिहिलेले आढळत नाही.

आपल्या भागात ही लाट रेल्वेबरोबर आली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९१ पर्यंत नागपूरची वाट गोंदियावरून आसनसोलला जाऊन मिळाली. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा अडीच फुटी छोटा मार्ग १९०३ ते १९०५ च्या सुमारास सुरू झाला. आता तो रुंद झाला आहे. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत, आणि बालाघाट-मंडल्याचा साल व इकडचा सागवान जवळच उभा होता. जंगलातला ओंडका बाजारात आला की त्याला चिरायला आरा हवाच. यंत्रे प्रथम विलायतेहून येत. रॉचडेलची थॉमस रॉबिन्सन, लेस्टरची वॉडकिन ही या धंद्यातील नावाजलेली घराणी. पुढे बटाल्यासारख्या ठिकाणी आपल्याच देशात बिडाची ओतकामे होऊ लागली.

यंत्र आले, त्याबरोबर त्याचे धोकेही आले. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्राला आडोसा घालावा असे म्हटले खरे. पण तो कायदा शंभर वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यालाच लागू होता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली. तिच्या मागण्यांत रविवारची सुट्टी होती, तशीच जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा जायबंदी झाल्यास पोटाची सोय, ही मागणीही होती. सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. ही दुसरी मागणी आपण विसरलो. नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडले.

कारखाना कशाला म्हणावे, याची संख्या मात्र हळूहळू उतरत गेली. १८८१ साली शंभर, १८९१ साली पन्नास, १९२२ साली वीस, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात, यंत्रशक्ती असेल तर, दहा. प्रत्येक पायरीमागे संघटनेचे कष्ट होते. तरी चारपाच माणसांवर चालणारी आरामशीन या संख्येच्या बाहेरच राहिली. राज्य सरकारला लहान कारखान्यांनाही कायदा लावण्याचा अधिकार होता. पण असलेला अधिकार आणि वापरलेला अधिकार यांत अंतर असते. २०२० च्या संहितेने कारखान्याच्या व्याख्येतील ही संख्या पुन्हा दहाची वीस केली. म्हणजे या एका बाबतीत आपण १९२२ सालाच्या पायरीवर परत येऊन उभे राहिलो.

भरपाईच्या कायद्याला जोडलेले परिशिष्ट ज्याने वाचले असेल, त्याला बोटांचा हिशेब ठाऊक असेल. अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली असे धरायचे, तर्जनी पूर्ण गेली तर चौदा, मधले बोट बारा, करंगळी सात. एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास. आमचा जन्म अशा हिशेबांत गेला. सुताराचा अंगठा गेला म्हणजे त्याचा धंदा तीस टक्के जात नाही, सारा जातो, हे कोणत्याही सुताराच्या बायकोला विचारावे.

आता हे यंत्र गंजले का? सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीवर कडक बंधने घातली, आणि ४ मार्च १९९७ च्या आदेशाने महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील विनापरवाना आरागिरण्या ताबडतोब बंद करण्यास सांगितले. जंगलासाठी ते आवश्यकच होते. पण गिरणी बंद झाली की यंत्र शेडमध्ये पडते, आणि आमच्याकडचे चार महिन्यांचे पावसाळी दमट हवामान उघड्या बिडाला फार दिवस सोडत नाही. असे यंत्र पुन्हा चालवायचे तर लाकडासाठी आणि जागेसाठी परवाना लागतो का, हे आधी वनखात्याकडे विचारावे. मग गंजाकडे वळावे.

गंज काढणे हे घाईचे काम नाही. प्रथम वीज पूर्ण तोडावी. जाम झालेल्या नट-बोल्टवर रॉकेल सोडून दोन-तीन दिवस थांबावे. हातोडा मारला की बीड तडकते. मेजाचा वरचा गंज धारदार पट्टीने खरवडावा आणि मग रॉकेल लावून बारीक एमरी कागदाने घासावा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासू नये. सुटे लोखंडी भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात प्लॅस्टिकच्या टबात ठेवून १२ व्होल्टचा प्रवाह द्यावा. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला, आणि दोघांचा स्पर्श होऊ देऊ नये. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. धन टोकाला स्टेनलेस पोलाद मुळीच लावू नये, त्यातून विषारी द्रव्य उतरते. मग साफ्ट सरळ फिरते का पाहावे, बेअरिंगे बदलावीत आणि मेजाला मेण चोळावे. जुने पाते मात्र वाचविण्याच्या भानगडीत पडू नये. दातांच्या मुळाशी बारीक चीर असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, आणि बारा इंची पाते मिनिटाला ३,००० फेरे घेते तेव्हा त्याचे दात सेकंदाला सुमारे ४८ मीटर, म्हणजे ताशी १७० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतात.

एवढे झाल्यावर यंत्र सुंदर दिसू लागते, आणि खरा प्रश्न तेथे उभा राहतो. अशा कित्येक जुन्या यंत्रांवर पात्याचे झाकण नाही आणि पात्यामागची पोलादी पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात, तीही नाही. लाकूड चिरले जात असताना त्याची फट मिटू पाहते आणि पात्याच्या मागच्या बाजूला आवळते. मागचे दात वर येत असतात. ते लाकूड उचलून कामगाराच्या अंगावर फेकतात, आणि त्या झटक्यात हात पात्याकडे ओढला जातो. पट्टी फट मिटू देत नाही. ती पात्याच्या अंगापेक्षा थोडी जाड, पण चिरेपेक्षा पातळ असावी, आणि दातांपासून अर्ध्या इंचाच्या आत उभी असावी. हे ज्ञान नवे नाही. विलायतेत १९२२ च्या नियमांनी पट्टी, झाकण आणि लाकूड ढकलण्याची काठी या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. आपल्या महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ यांतही लाकूडकामाच्या यंत्रांसाठी अशी तरतूद झाली. एक लोखंडी पट्टी आणि एक लाकडी काठी, एवढाच त्याचा खर्च.

जुन्या वस्तूंचे शौकीन येथे म्हणतील, की यंत्र मूळ रूपातच ठेवावे, नवी भर घालू नये. यंत्र पाहण्यापुरते ठेवायचे असेल तर हे म्हणणे आम्हांला मान्य आहे. पाते काढून ठेवावे आणि खुशाल पाहावे. पण ते चालवायचे असेल, तर मूळ रूपाचा आग्रह म्हणजे मूळ अपघातांचाही आग्रह होय. देवळाचा जीर्णोद्धार करताना ढासळलेली भिंत आपण पुन्हा ढासळती बांधत नाही.

मुर्रीच्या कामात म्हणून आम्ही क्रम उलटा धरला. प्रथम पट्टी आणि झाकण बसविले, चालू-बंद करण्याचे बटण हाताशी आणले, काठी मेजाला दोरीने बांधली, आणि मगच पट्टा चढविला. बिडावर ओतलेले कारखानदाराचे नाव आम्ही घासून स्वच्छ केले, कारण तोही इतिहास आहे. त्या मेजावर ज्यांनी आयुष्य काढले त्यांची नावे कोठेच ओतलेली नव्हती. तेव्हा श्रोत्यांना आमची विनंती एवढीच: आपल्या गावात जुने यंत्र कोणी साफ करीत असेल, तर ते कोणत्या सालचे आहे हे जरूर विचारा, पण त्यावर कोण काम करीत होते आणि त्यांचे हात शाबूत आहेत का, हे त्याच्याही आधी विचारा.